नोंद दस्ताची

नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील पांढरकवडा हे गाव कापसाच्या व्यापाराने वाढले, तहसील कचेरी तेथे बसली, न्यायालय तेथे उभे राहिले. परंतु तालुक्याचे नाव मात्र जवळच्या, जगदंबेच्या देवळामुळे प्रसिद्ध असलेल्या केळापूरचेच राहिले, आणि त्यामुळे या भागातील जमिनीचा कोणताही दस्त उघडला तरी 'मौजा अमुक, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ' हीच अक्षरे प्रथम दृष्टीस पडतात. अर्जनवीस पिढ्यान्‌पिढ्या एकच साचा वापरीत आले आहेत. आधी लिहून घेणार, मग लिहून देणार, त्यानंतर गट नंबर, आराजी व आकार, पुढे चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस अमक्याचा धुरा, पश्चिमेस पांदण, दक्षिणेस नाला, उत्तरेस तमक्याचे शेत, आणि अखेरीस ती ठरावीक ग्वाही, की सदरहू शेत माझ्या मालकीचे व वहिवाटीचे असून त्यावर कोणाचाही बोजा नाही, व कोणी हक्क सांगत आल्यास त्याचे निवारण मी करून देईन. दस्ताच्या पाठीमागे दुय्यम निबंधकाचा शेरा, अंगठे, ओळख देणाऱ्यांच्या सह्या आणि सरकारी शिक्का. हा शिक्का उमटला की 'रजिस्ट्री झाली, शेत आपले झाले' असे म्हणून कास्तकार निःशंक मनाने घरी जातो.

तो शेरा मात्र सावकाश वाचला, तर त्यात शेत कोणाचे याविषयी एक अक्षरही नसते. अमुक इसम अमुक दिवशी, अमुक वेळी कार्यालयात हजर झाला, हा दस्त आपण करून दिला असे त्याने कबूल केले, तो इसम तोच आहे अशी ओळख दोघांनी दिली, एवढेच काय ते सरकार आपल्या मोहोरेखाली सांगते. लिहून देणाराने 'माझ्या मालकीचे' म्हणून जे लिहिले ते खरे की खोटे, हे पाहण्याचा भार निबंधकावर नाही. ही कायद्याची नजरचूक नसून त्याने जाणूनबुजून स्वतःला घालून घेतलेली मर्यादा आहे, आणि ती कशी आली, तिच्यापायी कोणाचे नुकसान झाले व ते भरून काढण्यासाठी पुढे आणखी कोणते कायदे करावे लागले, हा इतिहास वऱ्हाडच्या वाचकाला परका नाही.

नोंदणीचे कार्यालय नव्हते त्या काळीही जमिनीचा व्यवहार गुप्त राहून चालत नसे. मराठी मुलखात वतनाची वा मिरासजमिनीची खरेदी झाली, अथवा तिच्यावरून तंटा उभा राहिला, म्हणजे गोतसभा बसे, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार आणि शेजारगावचे वतनदार जमत, आणि जो महजर लिहिला जाई त्याच्या खाली ही सारी मंडळी आपापली साक्ष घालीत. लिहिता न येणारा पाटील नांगराची आकृती काढी. कारागीर आपापल्या हत्याराची निशाणी करी. परगण्याच्या देशपांड्याच्या दफ्तरात नक्कल राही, आणि मोगली अंमलाखालच्या मुलखात काजीची मोहोरही दस्तावर पडे. अशा व्यवस्थेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्यांच्याशी सर्वस्वी सहमत होता येत नाही, कारण ज्या गावात साक्षीदार पाटलाच्या मर्जीतले असत तेथे महजरही पाटलाच्या मर्जीतलाच होई, आणि साक्षीदार मेले म्हणजे उरलेला कागद ज्याच्या पेटीत, त्याचाच शब्द खरा ठरे. तथापि एक गोष्ट त्या पद्धतीत निःसंशय होती. जमणारी माणसे शेत कोणाचे हे स्वतः जाणत असत. त्यामुळे तेथे नुसत्या दस्ताची नव्हे तर मालकीचीही साक्ष पडे.

इंग्रजांनी येथे जी पद्धत आणली ती याहून मूलतः भिन्न होती, आणि मौज अशी की ती त्यांच्या स्वतःच्या देशात रुजलेली नव्हती. स्कॉटलंडात १६१७ पासून जमिनीच्या दस्तांची सार्वजनिक नोंद होत असे. अमेरिकेत जाऊन वसलेल्या लोकांनी मॅसॅच्युसेट्स येथे १६४० मध्ये नोंदणीचा नियम केला. परंतु खुद्द इंग्लंडात यॉर्कशर आणि मिडलसेक्स यांसारखे काही परगणे वगळता जमीनदारांनी आपले दस्त चारचौघांपुढे उघडे करण्यास सतत विरोध केला. कर्ज किती, गहाण कोठे, मुलीच्या लग्नात काय दिले, हे शेजाऱ्याला कळावे ही कल्पनाच त्यांना असह्य होती. जे आपल्या घरी नको होते ते बंगालच्या रयतेला मात्र १७९३ मध्ये मिळाले. कायमधाऱ्याच्या त्याच वर्षी लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सरकारने छत्तिसावे रेग्युलेशन काढून प्रत्येक जिल्ह्यात विक्री, गहाण, बक्षीस व मृत्युपत्र यांच्या नोंदणीची सोय केली. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत तसे नियम १८०२ मध्ये झाले, आणि एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेत मुंबईसाठी ते पुन्हा मांडले गेले.

या प्रारंभीच्या नियमांत सक्ती नव्हती, आमिष होते. नोंदलेल्या दस्ताला न नोंदलेल्या दस्तावर वरचढपणा मिळेल, एवढेच सरकार म्हणत होते. त्यातून लगेच एक नाजूक प्रश्न उपस्थित झाला. शेत आधीच दुसऱ्याने घेतले आहे हे पक्के ठाऊक असूनही एखाद्याने त्याच शेताचा दुसरा दस्त करून तो चटकन नोंदविला, तर त्याचे संरक्षण करावयाचे काय? आरंभी त्याच्या माहितीकडे पाहिले जाई. १८४३ च्या कायद्याने ते पाहणे बंद केले: तुला ठाऊक होते की नव्हते हे आम्ही विचारणार नाही, नोंद कोणाची आहे तेवढे दाखव. साक्षीपुराव्याच्या गुंत्यातून न्यायालयाची सुटका करणारा हा नियम व्यवहाराला सोयीचा खरा. पण सचोटीपेक्षा तत्परतेला अधिक मोल देणारा म्हणून तो त्या काळीही अनेकांना खटकत होता.

सक्ती आली ती १८६४ च्या सोळाव्या कायद्याने, जो १ जानेवारी १८६५ पासून अमलात आला. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचा दस्त नोंदलाच पाहिजे, न नोंदल्यास तो त्या व्यवहाराचा पुरावा म्हणून चालणार नाही, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले. त्यानंतर १८६६, १८७१, १८७७ असे कायदे एकामागून एक आले आणि १९०८ च्या सोळाव्या कायद्यात त्यांची अखेर झाली, जो १ जानेवारी १९०९ पासून आजतागायत चालू आहे. शंभराचा आकडाही तोच राहिला आहे. १८६५ मध्ये ज्या रकमेत शेत येई, तिच्यात आज पऱ्हाटीच्या सरकीची पिशवीही येत नाही. पण कायद्याच्या पुस्तकात रुपयाचे मोल ढळलेले नाही.

सक्तीच्या नोंदणीने रयतेचे भले होईल ही अपेक्षा किती फोल ठरली, हे दख्खनने अवघ्या दहा वर्षांत दाखवून दिले. १८६६ च्या कायद्यात कर्जरोख्यांच्या विशेष नोंदणीची एक तरतूद होती, जिच्या आधारे सावकाराला नुसत्या अर्जावर झटपट हुकूमनामा मिळे. निरक्षर कुणबी कारकुनापुढे उभा राही, खत वाचून दाखविले जाई किंवा न जाई, 'कबूल आहे' एवढे म्हणून तो बाहेर पडे, आणि ज्या रकमेपैकी निम्मीही त्याच्या पदरात पडलेली नसे ती सगळी त्याच्या माथी सरकारी शिक्क्यानिशी बसे. १८७१ मध्ये ही तरतूद गेली, पण खते राहिली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या गावी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन मागितले ते धान्य नव्हे की पैसा नव्हे, तर कागद. खते मुकाट्याने हाती आली तेथे त्यांची होळी झाली. ती देण्यास नकार मिळाला तेथे मारहाण आणि जाळपोळ झाली. कागदच नाहीसा झाला तर कर्जही नाहीसे होईल, अशी त्यांची भाबडी समजूत होती असे काही जण लिहितात. मला ती भाबडी वाटत नाही. ज्या राज्यात कागदाखेरीज न्यायालय दुसरे काहीच ऐकत नव्हते, तेथे कागद जाळणे हाच तर्कशुद्ध मार्ग होता.

या दंग्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी त्यात गाव-निबंधकाची योजना होती, आणि नोंदणीच्या समग्र इतिहासात मला ती सर्वांत लक्षणीय वाटते. शेतकऱ्याने करावयाचा दस्त या निबंधकाने स्वतः लिहावा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावा, तो दोन्ही पक्षांना समजावून सांगावा, मोबदल्याची खरी हकीकत त्यात यावी, आणि मूळ कागद धनकोकडे गेला तरी त्याची नक्कल ऋणकोच्याही हाती पडावी, असा दंडक घातला गेला. म्हणजे निबंधकाने उंबरठ्यावर उभे राहून शिक्का मारण्याऐवजी व्यवहाराच्या आत डोकावावे, हे या कायद्याने प्रथमच मान्य केले. ही योजना फार काळ टिकली नाही, आणि १९०८ चा कायदा रचताना तिचा मागमूसही ठेवला गेला नाही.

वऱ्हाडाची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले, पण त्यावरील त्याचे स्वामित्व संपले नव्हते. म्हणून 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' या नावाने ओळखला जाणारा हा मुलूख इंग्रजी अमलाखाली असूनही कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसे. कलकत्त्यास झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. त्यासाठी स्वतंत्र हुकूम निघावा लागे. १९०२ मध्ये सालीना पंचवीस लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला व पुढच्याच वर्षी मध्यप्रांताच्या कारभारास वऱ्हाड जोडले गेले, तरी ही द्विधा स्थिती राहिलीच. ज्या जिल्ह्याला आपण यवतमाळ म्हणतो तो १९०५ पर्यंत वणी जिल्हा होता. आजोबाच्या दस्तावर वणी जिल्हा, बापाच्या दस्तावर मध्यप्रांत व वऱ्हाड, मुलाच्या दस्तावर मुंबई राज्य आणि नातवाच्या दस्तावर महाराष्ट्र, असे एकाच धुऱ्याआतल्या शेताचे कागद केळापूर तालुक्यात कोणाच्या पेटीत सापडले तर नवल मानू नये.

वऱ्हाडातला सावकार दख्खनच्या सावकाराहून अधिक उदार होता असे नाही. येथे 'गहाण-लहाण' नावाचा दस्त चाले. वरवर पाहता तो गहाणखत असे. मात्र ठरल्या मुदतीत रक्कम न फिटल्यास तेच खत विक्री ठरे. कापसाचा भाव पडला, एखादे साल बोंडअळीने वा अवर्षणाने गेले, आणि मुदतीचा दिवस उलटला, की दस्त नोंदलेला असल्यामुळे बोलण्यास जागा उरत नसे.

या सर्व प्रकारांत सही करणारा तोच मनुष्य आहे की तोतया, हा प्रश्न निबंधकांना सतत भेडसावीत असे, आणि त्याच्या उत्तरातून एक जगप्रसिद्ध शोध व्यवहारात आला. विल्यम हर्शेल या बंगालमधील अधिकाऱ्याने १८५८ मध्ये रस्त्याच्या खडीच्या एका ठेकेदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला होता, तो केवळ त्याच्या मनावर दडपण यावे म्हणून. पुढे बोटांच्या रेषा जन्मभर बदलत नाहीत हे निरीक्षणाने पटल्यावर १८७७ मध्ये हुगळी येथे त्याने दस्तनोंदणीच्या कामात बोटांचे ठसे घेण्यास सुरुवात केली. ठशांचा उपयोग लोक चोर पकडण्याशी जोडतात. परंतु डिटेक्टिव्हाच्या भिंगाखाली जाण्यापूर्वी तो रजिस्ट्रारच्या टेबलावर होता. आज छायाचित्र आणि संगणक आले, तरी डाव्या अंगठ्याची मागणी सुटलेली नाही.

१९०८ च्या कायद्याची रचना मोठी नेटकी आहे. दस्त केल्यापासून चार महिन्यांत तो हजर करावा. अपरिहार्य कारणाने उशीर झाल्यास दंड भरून आणखी चार महिने मिळतात. आजारी मनुष्य, पडदानशीन स्त्री किंवा कैदी यांना कार्यालयात यावे लागत नाही. त्यांच्याकडे जाऊन कबुली घेण्याची सोय आहे. नोंदीच्या पाच बुकांपैकी पहिले स्थावर मिळकतीच्या दस्तांचे, तिसरे मृत्युपत्रांचे. आणि पहिले बुक कोणाही इसमास, मग तो त्या शेताचा शेजारी असो की नुसता चौकस मनुष्य असो, फी भरून पाहता येते. 'सूची क्रमांक दोन' या नावाने वकिलांच्या तोंडी असलेली यादी ही त्याच बुकाची मिळकतवार किल्ली. इंग्लंडच्या जमीनदारांना जी नको होती ती हीच उघडी पाने. आणि १९२९ मध्ये मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दुरुस्ती होऊन असे ठरले की नोंदलेल्या दस्ताची वार्ता साऱ्या जगाला पोचली असे समजले जाईल, तुम्ही बुक उघडून पाहिले असो वा नसो.

या नेटक्या रचनेत एक खाच मात्र आहे, आणि ती शेत घेणाऱ्या प्रत्येकाने ओळखून असावी. नोंदलेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर तो केल्याच्या दिवसापासून अमलात येतो. एका कास्तकाराने पौषात आपले शेत एका गृहस्थाला विकून सह्या केल्या, परंतु दस्त नोंदविला नाही; माघात तेच शेत त्याने दुसऱ्याला विकून त्याच दिवशी रजिस्ट्री करून दिली; आणि फाल्गुनात पहिल्या घेणाऱ्याने मुदतीच्या आत आपला दस्त नोंदविला, तर शेत पहिल्याचे. दुसऱ्याने माघात बुक पाहिले होते आणि ते कोरे होते, हा युक्तिवाद चालत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यात नेमका उलट न्याय आहे. तेथे जो आधी नोंदवील तो जिंकतो. आपल्याकडील नियम लिहून घेणाराला चार महिन्यांची उसंत देतो, आणि त्याच चार महिन्यांत तिऱ्हाइताला अंधारात ठेवतो.

मालकीची नोंद करावयाची झाल्यास दस्ताऐवजी जमीन हाच नोंदीचा विषय धरावा लागतो. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स या एकेकाळच्या जकात अधिकाऱ्याने जहाजांच्या नोंदवहीवरून ही कल्पना उचलली आणि १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात ती कायद्यात आणली: सरकारी वहीत ज्याचे नाव तो मालक, आणि त्यात चूक निघाल्यास हानी झालेल्याला भरपाई. आपल्याकडे तसे नाही. आपला सातबारा हा महसुलाचा अभिलेख. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे दुय्यम निबंधकाने व्यवहाराची सूचना पाठवावी, तलाठ्याने फेरफार धरावा, हरकती मागवाव्यात व मग नोंद प्रमाणित व्हावी, अशी व्यवस्था आहे, आणि ती नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. मालकी मात्र तिनेही सिद्ध होत नाही. वाद झाला तर तो दिवाणी न्यायालयातच सुटतो. आंध्र प्रदेशाने मालकीची नोंद करणारा कायदा केला आणि २०२४ मध्ये तो रद्द केला. पैनगंगेच्या पलीकडे, आदिलाबादच्या बाजूस, तेलंगणाने २०२० मध्ये 'धरणी' काढून शेतजमिनीची नोंदणी व फेरफार एकाच वेळी तहसीलदाराच्या हातून करण्याचा मार्ग धरला. त्यात इतक्या तक्रारी झाल्या की २०२५ मध्ये 'भू भारती' हा नवा कायदा त्याच्या जागी आला. २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचा एक नियम रद्द करताना पुन्हा बजावले, की लिहून देणाराला मालकी आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्यास या कायद्याने दिलेला नाही.

केळापूर तालुक्यात या मर्यादेची झळ सर्वांत अधिक लागली ती गोंड आणि कोलाम कास्तकारांना. त्यांच्या जमिनी सावकार, व्यापारी आणि नवे शेतकरी यांच्या नावे गेल्या त्या बहुधा रात्रीच्या काळोखात नव्हे, तर दिवसाढवळ्या, मुद्रांकाच्या कागदावर, ओळखदारांसमक्ष, अंगठा उठवून. दस्तात कायद्याने नाव ठेवावे असे काही नसे. मोबदला किती, तो खरोखर दिला की नाही, खाली काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला कळले की नाही, हे प्रश्न निबंधकाने विचारावयाचे नव्हते आणि त्याने विचारले नाहीत. अखेर राज्याला बाहेरून हात घालावा लागला. ६ जुलै १९७४ पासून जमीन महसूल संहितेत असे आले की आदिवासीची जमीन शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्याची परवानगी मिळाल्याशिवाय बिगर-आदिवासीला विकता, बक्षीस देता वा अदलाबदल करता येणार नाही. आणि दुसऱ्या एका कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेली हस्तांतरे उलगडून, जमीन स्वतः कसण्याची हमी देणाऱ्या मूळ आदिवासीला ती परत देण्याची तरतूद केली, मग तो व्यवहार कितीही रीतसर नोंदलेला असो. मूळ मालकाने परत करावयाची रक्कम आकारणीच्या प्रमाणात ठरविली गेली. या कायद्याला आव्हान दिले गेले, आणि लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. पैसे मोजून, रजिस्ट्री करून घेतलेले शेत परत करावे लागले त्या छोट्या बिगर-आदिवासी शेतकऱ्याचे दुःख खोटे नव्हते. पण त्याच्या दस्ताआधीचा दस्त कसा झाला होता, हे त्यानेही विचारलेले नव्हते.

जमिनी परत गेल्या त्यांचा फेर गावच्या दफ्तरी धरला गेला. पहिल्या बुकातील त्या जुन्या दस्तांची पाने मात्र जागच्या जागी आहेत, कारण ते बुक कायमचे जतन करावयाचे असते. शेत घेताना वकील जो शोध घेतात तो प्रघाताने तीस वर्षांचा, म्हणजे आज घेतला तर तो जेमतेम १९९५ च्या सुमारास पोचतो. १९५७ ते १९७४ ही वर्षे त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात; तेथील जमीन पाहताना सूची क्रमांक दोन तीस वर्षांपलीकडे मागे नेऊन पाहावी, तिच्याशी जुने फेरफार एकेक करून ताडावेत, आणि मधल्या एखाद्या दस्तात लिहून देणाराची जमात नोंदलेली आढळल्यास जिल्हाधिकाऱ्याचा परवानगी-आदेश मागितल्याशिवाय इसाराची रक्कमदेखील देऊ नये.